ठेव मोडून रॅम्पची गाडी घ्यावी का?

सप्रेम नमस्कार.

आई व्हीलचेअरवर आहेत, वडील ऐंशीचे आहेत, महिन्यातून चारदा रुग्णालयाची फेरी होते आणि वर्षातून एक मोठा प्रवास व्हावा अशी दोघांची इच्छा आहे; यासाठी त्यांच्या निम्म्या मुदत ठेवी मोडून रॅम्प बसवलेली गाडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की आत्ता घेऊ नये.

आपल्याच आकड्यांप्रमाणे गाडी वर्षातून जेमतेम 60 दिवस बाहेर पडेल. उरलेले 300 दिवस ती उभी असली तरी विमा चालू राहील, किंमत उतरत राहील आणि मोडलेल्या ठेवीचे व्याज बुडत राहील. हे सारे मिळून जी रक्कम होते, ती 60 दिवसांच्या भाड्याशी ताडून पाहावी. शिवाय आईंना पुढल्या वर्षी बॅटरीवर चालणारी खुर्ची लागेल असे आपण लिहिता. ती उंच आणि वजनदार असते, तेव्हा आधी खुर्ची ठरू द्यावी आणि मग तिच्या मापाची गाडी पाहावी.

आपल्या हिशेबात मला खरी उणीव दिसली ती निराळीच. इमारतींसाठी रॅम्पचा उतार साधारणपणे 1:12 धरतात. म्हणजे जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंचीवर खुर्ची न्यायची तर 3.6 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. गाडीचा रॅम्प याहून पुष्कळ आखूड, म्हणून चढ खडा, आणि त्यावर खुर्ची ढकलणार कोण, तर वडील किंवा आपली बहीण. मदतनीस गाडी घेतल्यावरही लागणारच आहे, पण त्याचा पगार कागदावर कुठेच नाही. बहिणीने नोकरी अर्धवेळ केली, त्यामुळे तिचे घटलेले उत्पन्न आणि थांबलेली निवृत्तीची बचत हीसुद्धा या घराने उचललेली रक्कमच आहे. ठेवीच्या व्याजातून पहिला खर्च मदतनिसाचा करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मोठा प्रवास परदेशी विमानाचा असेल, तर आणखी एक. 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीबद्दल विमान कंपनीची जबाबदारी सध्या प्रतिप्रवासी 1,519 एसडीआरपर्यंतच (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे आणि चेक-इन केलेली खुर्ची सामानातच मोजली जाऊ शकते. बॅटरीच्या खुर्चीची किंमत याच्या वर सहज जाते. म्हणून ती सोपवतानाच तिच्या मूल्याची विशेष घोषणा लेखी करावी, त्यासाठी जादा शुल्क पडले तरी. माझ्या वडिलांची खुर्ची एकदा हात तुटलेल्या अवस्थेत परत मिळाली आणि ती आधी धड होती हे दाखवायला आमच्याजवळ एक फोटोही नव्हता.

तूर्त तीन महिने मदतनीस ठेवून गाडी भाड्याने वापरावी आणि प्रत्येक फेरी वहीत टिपावी. दिवस अंदाजाच्या दुप्पट निघाले, तर त्या वहीसह मला पुन्हा लिहावे. तोवर एकेक ठेव मुदत संपेल तशी लहान रकमांत विभागून ठेवावी, म्हणजे अडचणीच्या वेळी सगळी मोडावी लागणार नाही.