पडलेला बाजार वर यायला किती वर्षं?

प्रश्न: शेअर बाजार पडला तरी दहा वर्षांत भरून निघतोच म्हणतात. निवृत्तीला आठ वर्षं आहेत. सगळे पैसे इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवू का?

उत्तर: ‘निघतोच’मधला ‘च’ काढा. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये सुमारे ५७ टक्के पडला आणि २०१३ मध्ये जुन्या पातळीवर आला. जपानच्या निक्केई निर्देशांकाला मात्र १९८९चा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडलं! (कंपन्यांनी वाटलेला लाभांश धरला तर काळ कमी भरतो.) ५० टक्के घसरण भरून काढायला १०० टक्के वाढ लागते. त्यात ऐन तळाला घरखर्चासाठी विकलेली फंडाची युनिट्स पुढच्या चढणीत नसतातच. म्हणून निवृत्तीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांचा खर्च आतापासून दरवर्षी थोडा थोडा मुदत ठेवीत हलवा. उरलेलं शेअरमध्ये राहू द्या, पण एकाच देशाच्या निर्देशांकात नको.