हात काजूत, मन एस्टीत

"मनात सारखं काहीतरी चालू असतं, एक वेगळीच दुनिया, हा आजार आहे का?" असं विचारणारे माझ्याकडे खूप येतात, कॉलेजच्या मुली जास्त, पण चाळिशीतले पुरुष पण. म्हणून वेंगुर्ल्याकडच्या एका बाईंबद्दल लिहितेय. त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

बाई काजूच्या कारखान्यात गर निवडायला जातात. अख्खा एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा वेगळा, साल राहिलेला परत बाजूला, दिवसभर हेच. नवरा मुंबईत, गणपती नि शिमग्याला येतो. घरी सासू आणि सातवीतला मुलगा. समोर बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, मी खुळी झालंय काय? माझ्या डोक्यात एक एस्टी चालता."

वेंगुर्ला-कुडाळ गाडी, मठावरून जाणारी, आणि कंडक्टर ह्या स्वतः. कितीतरी वर्षं चाललीय ती. रोजचे पॅसेंजर ठरलेले आहेत, मासळीची टोपली घेऊन चढणाऱ्या दोघी, एक रिटायर गुरुजी ज्यांना कायम खिडकी लागते, गुरुजींच्या मुलीचं लग्न पण त्या गाडीतच जमलं म्हणे! सांगताना बाईंचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं ह्यांना थांबवूच नये.

मी दोनच गोष्टी विचारल्या. निवडताना चुका होतात का? नाही, अख्ख्यात कधी पाकळी गेली नाही, हात आपोआप चालतात. आणि ही एस्टी खरी नाही हे माहितीय ना? त्या हसल्या, "खरी आसती तर पगार नसतो गावलो माका?"

वेड लागण्याची भीती असेल तर ती इथे बरीचशी सोडून द्या. आपण कल्पना करतोय हे ज्याला पक्कं माहितीय आणि हाक मारल्यावर जो परत येतो त्याचं दिवास्वप्न म्हणजे वेड नाही. जवळ कोणी नसताना बाहेरून आवाज ऐकू यायला लागले, किंवा मनातलं खरंच घडतंय असं वाटायला लागलं, तर मात्र वेळ न घालवता सायकियाट्रिस्टकडे जा, लगेच जमत नसेल तर सरकारच्या टेलीमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बाकी मन भटकणं सगळ्यांचंच असतं. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये लोकांना फोनवर दिवसातून अधूनमधून विचारलं की आत्ता लक्ष कुठेय, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा हातातल्या कामाऐवजी दुसरीकडेच होतं.

मग बाईंना त्रास कशाचा होता? संध्याकाळचा. घरी आल्यावर कानात इअरफोन, गाणी लावायची आणि खळ्यात फेऱ्या मारायच्या, कधी कधी दीड तास. मुलगा शाळेतलं काही सांगायला आला की ह्या नुसतं हं हं करायच्या, आणि हळूहळू त्याने सांगणंच सोडलं. मला खरी काळजी वाटली ती ह्याची. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये ह्या प्रकाराला मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग, म्हणजे रोजच्या जगण्यात अडथळा आणणारं दिवास्वप्न, असं नाव दिलं, त्यात गाणी आणि येरझाऱ्या खूपदा दिसतात. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, हा अधिकृत आजार म्हणून नाहीये, त्यामुळे नेटवर वाचून स्वतःला लेबल लावू नका. झोप, माणसं, काम यातलं काही त्यात बुडतंय का एवढं बघा.

मी एस्टी बंद करा म्हटलं नाही. तासन् तास गर निवडणाऱ्या बाईने मनातल्या मनात कुडाळला जाऊन यावं, त्यात वाईट काय आहे? मी विचारलं, गाडीत लोक तुमच्याशी काय बोलतात? त्या थोडा वेळ गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, सगळी माकाच इचारतत. गाडी कधी सुटणार, सुट्टे आहेत का, इथे बसू का. आणि घरी? घरी भाजी कुठली करायची हे पण सासू ठरवते, मुलाच्या क्लासचं नवरा मुंबईतून फोनवर ठरवतो.

तिथून आमचं काम सुरू झालं. कारखान्यात एस्टी चालू दे, घरी आल्यावर मुलगा झोपेपर्यंत इअरफोन कपाटात. फेरी मारायचीच तर त्याला बरोबर घेऊन, बोलला नाही तरी चालेल. आणि एखादी गोष्ट अशी, जिथे लोकांना खरोखर ह्यांना विचारावं लागेल. बचत गटात हिशेब ठेवायला कोणी नव्हतं, बाईंनी ती वही घेतली.

सासूबाई नाराज आहेत. ज्या दिवशी घरात वाजतं त्या दिवशी इअरफोन अजून बाहेर निघतात, हे त्या स्वतःच सांगतात. मुलगा मात्र परत बोलायला लागलाय, सध्या फक्त क्रिकेटचं. गणपतीत नवरा आला की त्यालाही घेऊन या म्हटलंय, क्लासचा विषय तिघांनी बसून बोलायचाय.