पद्मिनी लाँचला थडथडतीय? आधी पाटे बघ, टायरचं नंतर

भावा, तुझं सगळं नीट वाचलं. १९८६ ची पद्मिनी, त्यात जिप्सीचं १.३ एमपीएफआय इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलंय, पाव मैलाच्या ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या रेसला, लाँच करताना (जागेवरून सुटताना) क्लच सोडला की मागून थडथडथड आवाज, गाडी जागेवर नाचायलीय आन तोवर बाजूची साधी हॅचबॅक निघून जातीय. तर १८५ चे रुंद टायर टाकू का, असं तू विचारलंस. नको. म्हणजे टाक, पण शेवटी टाक. आत्ता टाकलेस तर पैसे जातील आन थडथड हाय तशीच राहील.

चाक नुसतं फिरणं वेगळं आन थडथडणं वेगळं, आधी एवढं डोक्यात घे. नुसतं फिरलं तर धूर निघतो आन रस्त्यावर काळा पट्टा सलग उमटतो. थडथडलं की पट्टा तुटक येतो, वीतभर काळा, वीतभर कोरा. पद्मिनीचा मागचा एक्सल दोन पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) यू बोल्टनं बांधलेला, त्याला पीळ बसला तर तो पाट्यांनीच सहन करायचा. मूळच्या १०८९ सीसी, ४० हॉर्सपॉवरला ते चालून जायचं, तू तिथं ८० चं इंजिन बसवलंस. क्लच सुटला की चाकं पुढं फिरायला बघतात आन एक्सलचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) उलटं फिरायला बघतं, पिनियनचं नाक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जोडतो ते पुढचं टोक, वर जातं, पाट्याचा पुढचा अर्धा भाग नागमोडी वाकतो, मग टायरची पकड सुटते, पाटा फटकन सरळ होतो, टायर परत धरतो, परत वाकतो... हीच ती थडथड. पटत नसंल तर कुणालातरी बाजूला बसवून मोबाईल जमिनीला टेकवून स्लो मोशनमधे शूट करायला लाव, डोळ्यानं दिसंल.

उपाय स्वस्तातले हायत. पहिलं, पाट्याचे बुश, शॅकल, सेंटर बोल्ट आन यू बोल्ट बघ, एवढ्या जुन्या गाडीत निम्मा आजार इथंच निघतो. मग पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला दोन क्लिपा आवळून बसव, म्हणजे पानं एकमेकांपासून फाकणार नाहीत. मागचा अर्धा मोकळाच ठेव, तिथं हौसेनं क्लिप मारू नकोस. त्याउपर ट्रॅक्शन बार. आमच्या जालन्यात लोखंडाला काय तोटा नाही, मी चौकोनी पाइपाचे बनवून घेतले, ट्रॉलीचे पाटे करणाऱ्याकडूनच. एक टोक एक्सलखाली यू बोल्टच्या प्लेटला पक्कं, दुसऱ्या टोकावर रबराचा ठोकळा आन तो पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल कडीच्या) बरोब्बर खाली यायला पाहिजे, अर्धा इंच फट ठेवून. माझ्यात पहिल्यांदा तो चार बोटं मागं आला होता, तर बार पाट्यालाच मधून ढकलायचा, थडथड उलट वाढली. परत कापून लांब केले तेव्हा कुठं गाडी गप झाली.

पिनियनचं नाक उभ्या गाडीत दोनेक डिग्री खाली असू दे, लाँचला ते वर येऊन प्रोपेलर शाफ्टच्या रेषेत बसतं. त्यासाठी पाटा आन एक्सलच्या मधे पाचर मारतात, लेथवाला करून देतो.

आता वजनाचं. उसाची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं ते आपण लहानपणापासून बघतोय, तेच इथं पाहिजे, थोडक्यात. गाडी आन तू मिळून ९५० किलो धर, व्हीलबेस २.३४ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अंदाजे ५५ सेंटीमीटर, ०.४ जी नं (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट वेगवाढीनं) सुटलास तर ८५-९० किलो पुढून मागं जातं. हे फुकटचं वजन. पुढचे शॉकअप एकदम कडक असले तर नाक पटकन उचलत नाही आन हे वजन उशिरा पोचतं. डिकीत वाळूचं पोतं टाकायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच, ऐकू नको, ते पोतंसुद्धा तुलाच पळवायचंय. त्यापेक्षा आहे ते हलव, बॅटरी काढून डिकीत ने आन उजव्या कोपऱ्यात पक्की बांध.

उजव्याच का? प्रोपेलर शाफ्टच्या पिळानं डावं चाक दाबलं जातं आन उजवं हलकं होतं, ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटणारा साधा, लॉक नसलेला गिअर) सगळा जोर त्या हलक्या चाकातून उडवून टाकतो. तुझा काळा पट्टा बहुतेक एकट्या उजव्या चाकाचा असंल, बघ. आपण उजवीकडं बसतो ही त्यातल्या त्यात कृपा. डिफरन्शियल वेल्ड करायच्या नादी लागू नकोस, मी लागलो होतो, तिसऱ्याच लाँचला एक्सल शाफ्ट कट्ट करून तुटला आन गाडी टेंपोत घालून घरी आणली, वर वडिलांच्या शिव्या.

टायरची नक्षी भरपूर हाय म्हणतोस, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच. २३१४ असंल तर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला, नख रुतणार नाही एवढा कडक झाला असणार. असा टायर कितीबी रुंद घे, धरणार नाही. ताज्या टायरला हवा मागं २२ पीएसआय पर्यंत उतरव, २० च्या खाली नको. खडूनं आडवी रेघ मार, दहा पावलं गाडी ढकल, रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडेला पुसली तर कमी. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ लई, म्हणून रांगेत उभं राहायच्या आधी टायर ओल्या फडक्यानं पुस. बर्नआऊट, म्हणजे टायर तापवायला चाकं जागेवर फिरवणं, दोन-तीन सेकंदच, साध्या रेडियलला जास्त तापवला की तो तुपासारखा होतो.

सुटताना ५००० आरपीएमला क्लच फेकू नकोस. ३००० च्या आसपास धर, क्लच थोडा घासू दे, गाडी हलली की मग पाय दाब. आन हे सगळं ट्रॅकवर नाहीतर मालकाला विचारून एखाद्या कारखान्याच्या आवारात. समृद्धी मोकळा दिसतो म्हणून तिथं नको, सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मधे गुन्हा हाय, त्यातून तिथं झोपेत चालवणारे ट्रकवाले वेगळेच.

एका वेळी एकच बदल कर आन पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा टाइम लिहून ठेव, कारण तिथं वाचलेला एक दशांश शेवटाला दीडपट तरी होऊन मिळतो. आधी बुश आन क्लिपा. त्यानंतर पट्टा सलग उमटला का तुटक तेवढं कळव, टायरचं तेव्हा बोलू.