पाटीवर उमटतं ते कुणाच्या मनातलं?

प्रश्न : ताई, माझा नातू नऊ वर्षांचा. ऑटिझम आहे, एक शब्द बोलत नाही. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो. अलीकडे एक बाई घरी येतात आणि त्याचा हात धरून अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवतात. परवा त्यातून निघालं, ‘आजी, मला सगळं कळतं. रडू नकोस.’ सूनबाई हमसून हमसून रडली. मुलगा म्हणतो, हे त्या बाईंचंच. कुणाचं खरं मानू? हल्ली नातू उजव्या गालावर बुक्क्या मारून घेतो, तो याच अभ्यासाचा ताण का?
– एक आजी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आजी, तुमच्या लेकाची शंका रास्त आहे. हात धरून लिहून घ्यायची ही पद्धत ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि १९९०च्या सुमारास अमेरिकेत पसरली. मग तपासण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्याला दुसरं. पाटीवर आलं ते हात धरणाऱ्यानं पाहिलेलं. त्या बाई लबाड आहेत असं मी म्हणत नाही. प्लँचेटवरची वाटी कुणी मुद्दाम ढकलत नाही, तरी सरकतेच ना! २०१८ साली अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. तुम्हीही बघा. नातवाला रंकाळ्यावर न्या, काहीतरी खाऊ घाला, बाईंना पत्ता लागू देऊ नका. मग पाटीवर विचारा, काय खाल्लं? असं चार-पाचदा करा.

पण पाटी खोटी ठरली म्हणून पोराला काही कळत नाही, असा अर्थ घरात कुणी काढायचा नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१५ साली न बोलणाऱ्या, जेमतेम बोलणाऱ्या ३० ऑटिस्टिक मुलांची बुद्धी तपासली. नेहमीची चाचणी एकालाही पुरी करता आली नाही. आकृत्यांतला हरवलेला तुकडा बसवायची चाचणी दिली, ती २६ जणांनी पुरी केली.

माझ्याकडं येणारा एक मुलगा, ठोकळे काढले की आईच्या चपला आणून तिच्या पायाशी ठेवतो. झोपाळ्यावर असला की चपलांकडं ढुंकूनही बघत नाही. मला तरी हे पुरेसं स्पष्ट बोलणं वाटतं. तुमचं मनगट धरणंही तसंच. पाणी कुठं आहे, दार कोण उघडणार, सगळं त्याला ठाऊक आहे.

यावरच पुढं बांधा. पाणी, भडंग, फिरायला अशा फोटोंची कार्डं करा, सगळ्यात आधी ‘नको’चं. कार्ड त्यानं स्वतःच्या हातानं द्यायचं. न घाबरता वाट बघा. ‘नको’ दिलं तर जमेल तिथं खरंच थांबा, नाहीतर ते कार्ड कशाला देईल तो? पुढं टॅबवरचं बोलकं ॲपही येईल. काही जण मोठेपणी एकट्यानं टाइपही करतात. ते शब्द निखळ त्यांचे. आणि पाहुण्यांसमोर, तो खोलीत असताना, ‘याचं पुढं कसं व्हायचं’ हा विषय बंद.

गालाचं मात्र आधी बघा. एकाच बाजूला मारतोय म्हणजे दाढ किंवा कान दुखत असेल. ‘ऑटिझममुळंच करतो’ म्हणून कुणी डॉक्टरांनी परत पाठवलं तर ऐकू नका. तोंड उघडून दाढा तपासा, कानात बघा, असं स्पष्ट सांगा. या आठवड्यातच.