शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षक करताना

सप्रेम आशीर्वाद,

तुझा आराखडा दोनदा वाचला. खेड्यातल्या शाळांसाठी शेतकरी घरांतूनच शिक्षक घडवायचे, हे मनापासून पटलं. पण त्यांना चार वर्षं सलग शहरातल्या वसतिगृहात ठेवायचं? तिथे माझा ठाम विरोध आहे. ऐन पेरणीत घरी माणूस कमी पडला की मुलं अभ्यासक्रम सोडून जातात, आणि जी टिकतात त्यांना गावी परतावंसं वाटत नाही.

ब्राझीलकडे बघ. भूमिहीनांच्या चळवळीच्या रेट्यातून तिथे १९९८ मध्ये ‘प्रोनेरा’ हा सरकारी शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, जमीन मिळालेल्या कुटुंबांसाठी. त्याचा कारभार जमीन सुधारणेचं, म्हणजे भूमिहीनांना जमीन वाटणारं, खातं बघतं, हे विसरू नकोस. शाळा नसेल तर मिळालेल्या जमिनीवरही कुटुंब टिकत नाही. पुढे २००७ मध्ये चार सरकारी विद्यापीठांत ग्रामीण शिक्षकांसाठी स्वतंत्र पदवी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली.

तिची रचना नीट समजून घे. विद्यार्थी काही आठवडे विद्यापीठात सलग शिकतात, मग आपापल्या गावी जातात. गावातले दिवस म्हणजे सुट्टी नव्हे. तिथल्या शाळेत काम करायचं, गावाच्या जमिनीचा, पाण्याचा, इतिहासाचा शोध घ्यायचा, आणि ते सगळं पुढच्या सत्रात वर्गात मांडायचं. हे दिवस पदवीच्या तासांत धरले जातात. माझ्या मते साऱ्या योजनेचा जीव इथेच आहे, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री इथेच लागते.

दुसरं, तिथे एकेका विषयाऐवजी विषयगटाचं प्रशिक्षण देतात. उदाहरणार्थ विज्ञान आणि गणित एकत्र. लहान शाळेत प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक परवडत नाही, मग वरचे वर्ग बंद होतात आणि मुलांना रोज लांबचा बसप्रवास नशिबी येतो. याची तुझ्या आराखड्यात एक ओळही नाही.

आणि कायद्याचा आधार शोध. सरकार बदललं की योजना आटतात. ब्राझीलमध्ये २०१० च्या अध्यादेशाने ग्रामीण शिक्षणाचं धोरण बांधून दिलं. २०१४ च्या कायद्याने तर ग्रामीण शाळा बंद करण्याआधी शाळेशी जोडलेल्या लोकांचं म्हणणं ऐकणं बंधनकारक केलं.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा मी आधी अंदाजपत्रक उघडेन. गावातल्या दिवसांत प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या गावी जायचं, तर त्यांचा प्रवासखर्च कुठे धरला आहेस, ते मला बघायचं आहे.