उत्तर: स्टॅट (सांख्यिकी) मेजर आहे, मायनरला गणित सोडून कॉम्प्युटर सायन्स घेऊ का?

'गणितात ४२ पडले, स्टॅटमध्ये ९१. मग गणिताचं लोढणं गळ्यात कशाला?' हे तू लिहिलंयस की वीस वर्षांपूर्वी मीच आईला म्हटलं होतं, असं क्षणभर वाटलं. तुला अरेतुरे करतेय, राग मानू नकोस, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

आधीच सांगते, मी प्राध्यापक नाही आणि करिअर समुपदेशक तर मुळीच नाही. औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, तेवढ्यावरून बोलतेय. शिवाय आमच्या वेळी मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडीचा दुय्यम विषय) हा प्रकार नव्हता. पहिल्या वर्षाला चार विषय, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एकच. तुमचे नियम विद्यापीठागणिक बदलतात, ते तुझे तू बघ. पण तू ज्या वळणावर उभा आहेस, ते तेच आहे.

मी दुसऱ्या वर्षाला गणित सोडलं. तेव्हा कारण अगदी पटण्यासारखं होतं. पहिल्या वर्षाचं स्टॅट म्हणजे मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, बायनॉमिअल आणि पॉइसाँ ही वितरणं. कॅल्क्युलेटरवर बोटं पळतात, जर्नल सुबक असतं, मार्क धो धो पडतात. मला वाटलं, हेच स्टॅट. गणिताच्या तासाला मात्र एपसायलन-डेल्टा, म्हणजे लिमिटच्या काटेकोर सिद्धता. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि देवावर भरवसा ठेवायचा.

त्या ९१ वर विसंबू नकोस. पहिल्या वर्षी मार्क आकडेमोडीला मिळतात. विषय सुरू होतो तो पुढे, वितरणांची सिद्धता करायची वेळ येते तेव्हा. एकाच स्केलची दोन स्वतंत्र गॅमा चलं घ्या, एकाला दोघांच्या बेरजेने भागा, बीटा वितरण येतं हे दाखवा. त्यात दोन चलांचं रूपांतर आलं, जेकोबियन (चलं बदलताना येणारा गुणक) आला, आणि दुहेरी इंटिग्रलच्या मर्यादा कुठून कुठे घ्यायच्या हे चित्र काढून ठरवणं आलं. मी ते पाठ केलं. खरंच, जेकोबियनचा डिटरमिनंट उत्तरासकट पाठ. तिसऱ्या वर्षी रिग्रेशन आलं तेव्हा मॅट्रिक्सची रँक म्हणजे काय हे मला व्याख्येपलीकडे माहीत नव्हतं. तरी फर्स्ट क्लास आला, कारण प्रश्न दरवर्षी तेच फिरून यायचे. म्हणून तर चूक लक्षात यायला इतका उशीर लागला.

लक्षात आली ती एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत. प्रश्न साधा होता. शून्य ते थीटा या युनिफॉर्म वितरणातला नमुना दिलाय, थीटाचा मॅक्झिमम लाइकलिहुड एस्टिमेटर काढा, म्हणजे हाती आलेला नमुना ज्या किमतीला सगळ्यात संभाव्य ठरतो ती किंमत. मी सवयीने लॉग घेतला, डेरिव्हेटिव्ह काढलं, शून्याबरोबर मांडलं. ते शून्य होतच नाही! पाऊण पान खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खरं तर लाइकलिहुडचं फलन थीटा वाढेल तसं नुसतं घटत जातं, आणि थीटा सगळ्यात मोठ्या निरीक्षणापेक्षा लहान असू शकत नाही. म्हणजे सगळ्यात मोठं निरीक्षण हेच उत्तर. आलेख डोळ्यांपुढे आणला असता तर एका ओळीचं काम. पण फलनाकडे बघायची सवय ज्या तासांना लागते, ते तास मी सोडून दिले होते. प्रवेश गेला.

आता खरी जखम. दुसरं वर्ष सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते आणि माझं मन पालटलं होतं. आमच्या स्टॅटच्या मॅडमनी वर्गात विचारलं, गणित कोणी कोणी सोडलंय? हात वर केल्यावर त्यांनी ज्या नजरेने बघितलं, ती पुरेशी होती. त्याच दुपारी विषयबदलाचा अर्ज लिहून कॉलेज ऑफिसच्या खिडकीवर दिला. तिथल्या गृहस्थांनी तो एका फाइलखाली सरकवला आणि म्हणाले, 'होऊन जाईल.' मी निश्चिंत. गणिताच्या तासांना बसायलाही लागले. दिवाळीच्या सुटीआधी परीक्षेचा फॉर्म आला, त्यात गणित नाही. खिडकीवर गेले तर म्हणे विद्यापीठातून पत्र आणा. विद्यापीठात गेले, दोन बस बदलून, तर म्हणे कॉलेजचं पत्र असल्याशिवाय आम्ही फाइल उघडत नाही. परत आले तर खिडकीवर दुसरेच गृहस्थ. ते म्हणाले, 'असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. पोच आहे का?'

पोच नव्हती. अठरा वर्षांच्या मुलीला कोण सांगतं की अर्जाची दुसरी प्रत न्यायची, तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा? विषय बदलायची मुदत केव्हाच संपली होती. तिची नोटीस कुठे लावली होती, तर प्रयोगशाळेच्या बोळातल्या काचेच्या पेटीत, मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या यादीखाली. अजूनही लिहिताना हात थरथरतो. मला त्या पहिल्या गृहस्थांचा तितका राग नाही, विसरले असतील. राग 'पोच आहे का' म्हणताना ओठांवर जे हसू होतं त्याचा आहे. असो.

असं गणित सुटलं, एम.एस्सी.चा प्रवेश हुकला, आणि त्यापायी एक वर्ष गेलं. घरी बसून बारावी कॉमर्सच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि रात्री एकटीने लिनिअर अल्जेब्रा केलं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. पण एकटीने शिकणं म्हणजे दहा पानांना महिना.

आता तुझा मुख्य मुद्दा, की डेटा सायन्सला कोडिंग लागतं, म्हणून मायनर कॉम्प्युटर सायन्स. माझं मत (फक्त माझं) उलटं आहे. कोडिंग घरी शिकता येतं. आर ही भाषा फुकट आहे, पायथन फुकट आहे, चूक झाली तर मशीन लगेच ओरडतं. गणितात चूक झाली तर कोणी ओरडत नाही, म्हणून तिथे शिक्षक आणि परीक्षा लागते. आयगनव्हॅल्यू (मॅट्रिक्स कुठल्या दिशेला किती पट ताणतं ते सांगणारे आकडे) म्हणजे काय हे सुटीत हौसेने शिकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि डेटा सायन्सवाले ज्याला पीसीए म्हणतात (पुष्कळ चलांचं सार थोड्या चलांत काढायची पद्धत), तो आयगनव्हॅल्यूंचाच खेळ आहे. पुढे आयआयटीत एम.एस्सी. करायचा विचार असेल तर जॅम या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर बघ. त्यात सुमारे ३० टक्के सरळ गणितच असतं, आणि उरलेल्या ७० मध्येही ते डोकावतंच.

वर एकांनी लिहिलंय की पदवी झाली की स्पर्धा परीक्षाच द्यायची असेल तर गणिताची गरज नाही. बरोबर आहे, पण इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस (केंद्र सरकारची सांख्यिकी सेवा) धरून बोलत असतील तर नाही. तिथे नुसती पदवी चालते हे खरं, पण इंग्रजी आणि सामान्य अध्ययन सोडलं तर बाकीचे लेखी पेपर स्टॅटचेच असतात आणि त्यातले दोन चक्क लिहून सोडवायचे. हं, तुझा कल खरोखरच सॉफ्टवेअरकडे असेल आणि स्टॅट तू नाइलाजाने घेतलं असशील, तर माझं सगळं सोडून दे.

तू सातारचा म्हणून सांगते. पां. वा. सुखात्मे तुझ्याच जिल्ह्यातले, बुध गावचे. नमुना पाहणीच्या शास्त्रातलं केवढं मोठं नाव! फर्ग्युसनमधून त्यांनी पदवी घेतली ती गणितात. सांख्यिकी त्यानंतर.

४२ मार्कांची लाज बाळगू नकोस. अ‍ॅनॅलिसिस (तेच एपसायलन-डेल्टा) जमत नसेल तर ते पासापुरतं कर, जोर मॅट्रिक्स आणि अनेक चलांच्या कॅल्क्युलसवर दे. आणखी एक, विषयाला धरून नाही पण सांगते: तिसरं वर्ष संपायच्या आत सगळ्या वर्षांचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेव. परदेशी अर्ज करायची वेळ आली तर तो मागतात, आणि तेव्हा तो मिळवायचा म्हणजे पुन्हा तीच खिडकी.

फॉर्म द्यायची शेवटची तारीख शुक्रवार लिहिली आहेस. गुरुवारी सकाळीच जा, दोन प्रती घेऊन. शिक्का मारून दिला की त्याचा तिथेच उभ्या उभ्या फोटो काढ, आणि क्रमांक वाचता येतोय ना ते बघितल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.