गोंडस दिसतात, उपद्रवी वाटत नाहीत!

प्रश्न : माझ्या कादंबरीतल्या काल्पनिक शहरात बोटभर उंचीचे जादुई जीव घरोघरी शिरतात. वाचकांना मात्र ते पाळावेसे वाटतात. काय चुकतंय?

उत्तर : त्यांचं खाणं ठरलेलं दिसत नाही. उपद्रवी प्राणी माणसाच्या सांडलवंडीवर जगतो. तेव्हा त्यांना जादू नको, जादूचा कचरा खाऊ द्या: विझलेल्या मंत्रदिव्याची काजळी, अर्धवट जळालेले ताईत. पहिली दोन प्रकरणं जीव दाखवूच नका, खुणा दाखवा. लेंड्या, भिंतीच्या कडेचा तेलकट पट्टा, रात्रीची खुडबुड. घरातला उंदीर जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. तुमच्या जिवांनाही असंच एक माप द्या आणि शेवटपर्यंत पाळा.

खरी गंमत बंदोबस्तात आहे. मोठ्या जातीचे काही उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, सापळ्याकडे कित्येक दिवस फिरकत नाहीत. तुमच्या शहरातही तसंच होऊ द्या: मंत्र बरोबर असतो, पण लोक घाईने तो बदलत बसतात! शिवाय एकच उतारा वर्षानुवर्षं वापरला की तो बोथट होतो. वॉरफरिन हे उंदरांचं विष १९५० च्या सुमारास आलं. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याला दाद न देणारे उंदीर सापडले. फटी बुजवणारा गवंडी मांत्रिकापेक्षा उपयोगी ठरतो, हेही येऊ द्या.